स्थळप्रतीपासून सुरुवात

ग्वाल्हेरच्या संस्थेचा प्राप्तिकराचा वाद फार हिंडतो. सवलतींचे आयुक्त भोपाळला, अपिलीय न्यायाधिकरणाचे पीठ आग्र्याला, आणि कायद्याचा मोठा प्रश्न उरलाच तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे पुन्हा ग्वाल्हेरला. आग्र्याच्या वाटेवर मुरैना मागे पडते, चंबळ ओलांडली की धौलपूर, म्हणजे राजस्थान, आणि मग उत्तर प्रदेश. तीन राज्ये होतात, पण मांडीवरची फाइल बहुधा एकाच शब्दावर अडलेली असते : धर्मादाय.

त्या शब्दाच्या वाटेला येणाऱ्या नव्या वकिलाचे स्वागत. फी बेताची, आणि तीही कार्यकारिणीच्या ठरावानंतर मिळते, हे आधीच सांगून ठेवतो.

या भागात केंद्राचा प्राप्तिकर आला १ एप्रिल १९५० पासून. त्याआधी देवस्थानच्या जमिनी आणि पुजाऱ्याचे हक्क संस्थानच्या ‘कानून माल’ या महसुली कायद्याप्रमाणे चालत. त्यामुळे जुन्या देवस्थानच्या कपाटात माफी जमिनींचे कागद आणि पॅन कार्ड एकाच पुडक्यात सापडतात. देवाचे पॅन कार्ड पाहून हसू येते खरे. पण मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून तिच्यावर कर आकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जोगेंद्रनाथ नसकर खटल्यात १९६९ सालीच सांगितले.

धर्मादाय म्हणजे काय, याचे इंग्रजी उत्तर १८९१ च्या पेमसेल निकालात आहे. मला मात्र सुरुवात चरखा संघापासून करावीशी वाटते. संघ सूत घेई, खादी विकी. मग हा धंदा की धर्म? १९४४ साली प्रिव्ही कौन्सिलने संघाच्या बाजूने कौल दिला, कारण हेतू गरिबांना काम देण्याचा होता. पुढे सुरत आर्ट सिल्कच्या निकालाने प्रमुख हेतूवर भर दिला. मग संसदेने व्याख्या आवळली, आणि अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सुरतची कसोटी बदललेल्या कायद्याला लागू पडत नाही असे ठरले.

याचा अर्थ पुस्तकात नाही, एखाद्या मंडळाच्या सभागृहात कळतो. ते लग्नाला दिले, तर भाडे वीज-सफाईपुरते की बाजारभावाने? शिक्षण, गरिबांना साहाय्य, औषधोपचार करणाऱ्यांना धंदेवाईक जमेची अट नाही. केवळ ‘सार्वजनिक उपयुक्तता’ सांगणाऱ्याची धंदेवाईक जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची सवलत गेली. तेव्हा पावत्या एकेक करून पाहाव्या लागतात. हे काम कनिष्ठावर ढकलणारे वकील मी पाहिले आहेत. उलटतपासणीसारखे ते स्वतःच करावे.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. आधीच्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्यानेच चालतील, म्हणजे काही वर्षे दोन्ही पुस्तके टेबलावर राहतील.

माझ्याकडे एकदा एका संस्थेचे पावतीपुस्तक आले. मोठ्या देणगीच्या स्थळप्रतीवर ‘कायम निधी’ असे सुवाच्य लिहिले होते. अक्षर खजिनदारांचे. देणगीदाराने तसे कुठे लिहून दिले आहे का, हे विचारले, तेव्हा खजिनदार म्हणाले, “ते कशाला लागतं? ते तर आमचे मेहुणेच.”