न झालेल्या शर्यतीचे कागद

जुन्या वेगवान गाड्यांच्या बाजारात पोर्शे ९५९ घ्यावी की फेरारी एफ४०, हा वाद आजही मिटलेला नाही. दोन्ही गाड्या १९८७च्या सुमारास ग्राहकांच्या हाती पडू लागल्या. दोन्हींना दोन-दोन टर्बो आहेत आणि दोन्ही ताशी ३०० किलोमीटरच्या पलीकडे जातात. या वादाबरोबर एक गोष्टही हमखास सांगितली जाते : पोर्शेने ९५९ काढली, ती पाहून एन्झो फेरारी पेटून उठले आणि उत्तर म्हणून त्यांनी एफ४० उभी केली. गोष्ट चटकदार आहे. पण तिच्यावर विसंबून लोक कोट्यवधींचा सौदा करतात, तेव्हा ती कागदावर टिकते का, हे पाहायलाच हवं.

कागद पुष्कळ आहेत. कारखान्यांनी छापलेली माहितीपत्रकं आहेत, शर्यतींच्या वर्गवारीचे नियम आहेत, त्या काळच्या मासिकांनी घेतलेल्या चाचण्या आहेत, अमेरिकी सरकारचे आयातीचे नियम आहेत. शिवाय प्रत्येक गाडीबरोबर मालकामागून मालकाकडे जाणारी तिची स्वतःची फाइल आहे.

यातला सर्वांत बोलका पुरावा सर्वांत रुक्ष ओळीत सापडतो. ती ओळ म्हणजे इंजिनाची मापं. १९८२पासून लागू झालेल्या ‘ग्रुप बी’ या वर्गात उतरायचं तर कारखान्याने त्या गाडीच्या किमान २०० प्रती बनवणं आवश्यक होतं. टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.४ने गुणायची आणि येणाऱ्या आकड्यावरून गाडीचा गट ठरवायचा, असाही नियम होता. त्यातली एक रेघ ४,००० सीसीवर होती. म्हणजे टर्बोचं इंजिन घेऊन या रेघेच्या आत राहायचं असेल, तर खरी क्षमता २,८५७ सीसीच्या वर जाऊन चालणार नव्हतं.

आता माहितीपत्रकं उघडू. ९५९च्या सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ६७ मिलिमीटर, सिलिंडर सहा. हिशेब २,८४९ सीसी येतो. त्याला १.४ने गुणलं की ३,९८९. रेघेच्या आत. फेरारीने मार्च १९८४मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या २८८ जीटीओचा व्यास ८०, धाव ७१, सिलिंडर आठ. क्षमता २,८५५ सीसी, गुणाकार ३,९९७. तीही आत, आणि तीसुद्धा जेमतेम दोन सीसी राखून. इतक्या काठावरचे आकडे योगायोगाने येत नाहीत. जर्मनीतल्या आणि इटलीतल्या दोन आरेखनकक्षांत एकाच नियमाचं पान समोर ठेवून ही इंजिनं आखली गेली, असाच याचा अर्थ होतो.

एफ४०चा व्यास ८२, धाव ६९.५, सिलिंडर आठ. क्षमता २,९३६ सीसी. गुणाकार ४,११०. रेघेच्या बाहेर.

मला हा आकडा निर्णायक वाटतो. ज्या घराने तीनच वर्षांपूर्वी दोन सीसीचा हिशेब सांभाळला होता, त्या घराला ही रेघ ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही. एफ४० आखताना ती पाळण्याचं कारणच उरलं नव्हतं. ते का उरलं नाही, हे १९८६च्या घटनाक्रमात स्पष्ट दिसतं. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसं दगावली. २ मे रोजी कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्टो यांची गाडी रस्ता सोडून दरीकडे गेली, पेटली आणि दोघेही गेले. त्यानंतर फिसा या नियामक संस्थेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी ग्रुप बीच्या गाड्यांना १९८७पासून जागतिक रॅली स्पर्धेची दारं बंद केली. वर्ग मोडीत निघाला.

तेव्हा फेरारीकडे २८८ जीटीओची शर्यतीसाठी वाढवलेली आवृत्ती, ‘इव्होल्युझिओने’, तयार होत होती. तिचं काम १९८४पासूनच हाती घेतलेलं होतं, म्हणजे पहिली ९५९ ग्राहकाच्या दारात उभी राहण्याच्या कितीतरी आधी. अशा पाच-सहाच गाड्या बनल्या आणि वर्ग बंद पडल्याने त्यांना उतरायला मैदानच राहिलं नाही. त्या वाया गेलेल्या मेहनतीतून निकोला मातेराझ्झी यांच्यासारख्या अभियंत्यांनी रस्त्यावरची गाडी काढली, ती एफ४०. २१ जुलै १९८७ रोजी मारानेल्लो गावात तिच्यावरचा पडदा उठला, तेव्हा एन्झो फेरारी ८९ वर्षांचे होते. कंपनीच्या पहिल्या गाडीला ४० वर्षं झाली होती, नावातला आकडा त्यावरून आला. १४ ऑगस्ट १९८८ रोजी ते गेले. त्यांच्या हयातीत लोकांसमोर आलेली ही शेवटची फेरारी.

तर स्पर्धा खरी होती, पण ती ९५९ आणि जीटीओ यांच्यात होती आणि ती मैदानावर कधी झालीच नाही. एफ४० ही त्या न झालेल्या शर्यतीनंतरची, नियमातून सुटलेली गाडी आहे. ९५९ मात्र शेवटपर्यंत नियमाचीच लेक राहिली. तिचं पहिलं रूप १९८३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘ग्रुप बी’ याच नावाने मांडलं होतं. अभियांत्रिकीप्रमुख हेल्मुट बॉट यांनी त्या निमित्ताने पोर्शेला पुढच्या काळात लागेल ते सगळं एका गाडीत घालून पाहिलं : चारही चाकांना गरजेनुसार कमी-जास्त ताकद वाटणारी यंत्रणा, एकापाठोपाठ एक जागे होणारे दोन टर्बो, पाण्याने थंड होणारी सिलिंडर हेड्स आणि हवेने थंड होणारे सिलिंडर. १९८६च्या पॅरिस-डकार रॅलीत रने मेट्झ पहिला आणि जॅकी इक्स दुसरा आला, तो ९५९ घेऊनच. त्याच वर्षी ल मान्सला तिची शर्यतीची आवृत्ती ९६१ सातवी आली. गिअरच्या दांड्यावर पहिल्याच्याही खाली ‘जी’ असं अक्षर आहे. ते ‘गेलेंडं’चं, म्हणजे खडबडीत मोकळ्या रानाचं. ताशी ३१५ किलोमीटरचा दावा करणाऱ्या गाडीत चढणीवरच्या मातीसाठी वेगळा गिअर ठेवलेला पाहिला, की तिच्या कर्त्यांच्या मनात काय होतं ते लक्षात येतं.

किती गाड्या बनल्या, याबाबत पुस्तकांत एकवाक्यता नाही. ९५९साठी कुणी २९२ देतं, कुणी ३००, कुणी ३३७. हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. ग्राहकांसाठीची मुख्य मालिका २९२ची. १९९२-९३मध्ये उरलेल्या सुट्या भागांतून आणखी ८ जोडल्या, म्हणजे ३००. त्यांत ३७ नमुना आणि पूर्वतयारीच्या गाड्या मिळवल्या की ३३७. विकणारा कोणता आकडा सांगतो, यापेक्षा आपल्यासमोरची गाडी या तीन ढिगांपैकी कोणत्या ढिगातली, हे विचारावं. एफ४० आधी ४०० बनवायच्या ठरल्या होत्या. मागणी इतकी आली, की १९९२पर्यंत १,३०० वर गाड्या बाहेर पडल्या. नेमका आकडा कुठे १,३११ तर कुठे १,३१५ असा छापलेला आढळतो. दुर्मीळपणाच्या निकषावर ९५९ सरळ वरचढ ठरते. तरीही लिलावांत एफ४०ला बहुधा जास्त भाव येतो. बाजार फक्त संख्या पाहत नाही.

वजनाच्या आकड्याशी जरा सांभाळून वागावं लागतं. फेरारीने एफ४०चं वजन १,१०० किलो छापलं. ते कोरडं वजन आहे, इंधन, तेल, पाणी न धरता. मासिकांनी गाडी काट्यावर चढवली तेव्हा आकडा १,२०० किलोच्या वर गेला. ९५९चं १,४५० किलो हे सगळ्या सुखसोयींसकटचं. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून साडेतीनशे किलोचा फरक काढणारे लेख मी वाचले आहेत. दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांची वजाबाकी करून मिळणारा तो फरक खरा नाही. फेरारी हलकी आहेच, पण इतकी नाही.

आता प्रत्यक्ष जुन्या गाडीकडे येऊ. खरेदीदाराला याच ठिकाणी कागद आणि वस्तू ताडून पाहायची संधी असते.

एफ४०चं अंग कार्बन आणि केवलारच्या धाग्यांचं. कारखान्याने वजन वाचवण्यासाठी रंगाचा थर इतका पातळ दिला, की उन्हात तिरकं पाहिलं तर लाल रंगाखालची वीण दिसते. ही वीण दिसली तर रंग कारखान्याचा असण्याचा संभव वाढतो. एखादा भाग गुळगुळीत, दाट, चकचकीत लाल असला, तर तो कधी आणि का रंगवला याची पावती मागायची. कारखान्यातून एफ४० लाल रंगातच बाहेर पडत, त्यामुळे पिवळी किंवा काळी एफ४० म्हणजे फाइलमध्ये रंगबदलाचं पान असलंच पाहिजे. दार उघडायला आतून हँडल नाही, एक दोरी ओढायची. खाली गालिचा नाही. उंबऱ्याशी वाकून पाहिलं तर भाग चिकटवणारा हिरवट डिंक उघडाच दिसतो. सुरुवातीच्या गाड्यांना सरकत्या प्लास्टिकच्या खिडक्या होत्या, पुढे काचा आल्या. त्या बदललेल्या असतील तर तेही लिहिलेलं हवं.

तिच्या फाइलमधलं सर्वांत महत्त्वाचं पान इंधनाच्या टाकीचं. शर्यतीच्या गाडीसारख्या तिच्यात रबरी पिशव्या आहेत आणि त्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं मानतात. गाडी धावली काय आणि उभी राहिली काय, रबर म्हातारं होतंच. टायमिंग बेल्टचंही तसंच. म्हणून ‘फक्त काही हजार किलोमीटर चाललेली’ ही विक्रेत्याची बढाई इथे उलटी वाचायची असते. किलोमीटर कमी आणि पिशव्या मूळच्या, म्हणजे पहिला मोठा खर्च नव्या मालकाच्या माथी.

९५९ला बेल्ट नाही, चेन आहे. ती काळजी मिटली. पण तिच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत आणि गाडीची उंची तीन पातळ्यांवर वर-खाली करणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा आहे. वेग वाढला की ती गाडीला आपोआप खाली बसवते. ही यंत्रणा झिरपू लागली, की दुरुस्तीचं बिल जबर येतं, कारण इतक्या कमी बनलेल्या गाडीचे भाग सहज मिळत नाहीत. पोकळ आऱ्यांची मॅग्नेशियमची चाकं आणि त्यांतला हवेचा दाब कळवणारी व्यवस्थाही अशीच. १९८७मध्ये हे सगळं अचंबित करणारं होतं. आज ते कुणी, कुठे आणि कोणत्या वर्षी उघडलं होतं, याची नोंद नसेल तर गाडी चालवून पाहिल्यानेही पुरतं कळत नाही. तिची ‘स्पोर्ट’ ही हलकी आवृत्ती जेमतेम २९ बनली. तिच्यात उंचीची यंत्रणाच नाही.

कारखान्याच्या प्रमाणपत्राबद्दल इथे बोलायला हवं. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग चासी, इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्रमांक जुन्या दप्तराशी जुळवून देतो, पोर्शेही आपल्या नोंदींवरून दाखला देते. कारखान्यातून कोणती गाडी निघाली, हे दाखल्यावरून सिद्ध होतं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत तिचं काय झालं, हे सर्व्हिस बुक आणि बिलांवरूनच उभं करावं लागतं. दोन नोंदींमध्ये पाच वर्षांची पोकळी असेल, तर ती प्रमाणपत्राने भरून निघत नाही.

अमेरिकेतून आलेल्या गाडीच्या कागदांची भाषा आणखी वेगळी. एफ४० तिथे रीतसर विकली गेली, २१३ गाड्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे लावून. ९५९ मात्र पोर्शेने तिथल्या सुरक्षा चाचण्यांसाठी आपटायला दिलीच नाही, म्हणून ती बेकायदा ठरली. बिल गेट्स यांची ९५९ सुमारे तेरा वर्षं जकातीच्या कचाट्यात पडून होती. १९९८च्या कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या नियमाने ‘प्रदर्शनासाठी’ म्हणून वाट मोकळी केली. गाडीला तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्व हवं, ती साधारणपणे पाचशेहून अधिक बनलेली नको आणि वर्षाला २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवायची नाही. त्यामुळे त्या काळात अमेरिकेत राहिलेल्या ९५९चं मीटर कमी दिसलं, तर मालकाने गाडी जपली असा निष्कर्ष काढू नये. कायद्यानेच तिला थोपवलं होतं. उभ्या गाडीतलं तेल, रबर आणि सील कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्या वर्षांच्या बिलांत शोधावं. बिलं नसतील तर तेही उत्तरच समजावं.

माझा कौल ९५९ला आहे. तिच्यासाठी आखलेलं जवळपास सगळं पुढे नेहमीच्या गाड्यांत उतरलं, आणि कारखान्याने खर्चाखाली विकून ती पूर्ण केली. ४,२०,००० मार्क ही तिची किंमत बनावटीच्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास होती, असं तेव्हापासून लिहिलं जात आहे. पण हा कौल अटीवर. समोर दोनच गाड्या असतील, एका ९५९च्या फाइलमध्ये उंचीच्या यंत्रणेची आणि चाकांची एकही नोंद नसेल, आणि शेजारच्या एफ४०च्या फाइलमध्ये टाकीच्या पिशव्या बदलल्याचं तारखेसकट बिल, दर काही वर्षांनी बेल्ट बदलल्याच्या पावत्या आणि अंगावर वीण दाखवणारा मूळ रंग असेल, तर एफ४० घ्यावी.