लॅपटॉप उठेना

गेल्या गणपतीत आमच्या घरी एक दुःखद घटना घडली. लॅपटॉप उठेना. बटण दाबले की बाजूचा दिवा लागे, आतला पंखा घरघरे, पण पडदा मात्र अमावास्येसारखा काळा. मी तो उलटा करून पाहिला, बॅटरी काढून पुन्हा घातली आणि शेवटी कोणी बघत नाही अशी खात्री करून त्याला अंगाराही लावला.

"अहो, झोपू द्या की त्याला! तुम्ही तरी रविवारी एका हाकेत कुठे उठता?" इति आमची ही.

एरवी मी हसलो असतो. पण त्या लॅपटॉपमध्ये अण्णा होते.

म्हणजे त्याचे असे आहे. आमचे अण्णा १९६९ साली बँकेत चिकटले. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेच वर्ष. जाडजूड खातेवह्या, रात्री दहा वाजले तरी न जुळणारी रोजकीर्द, सगळे ते रंगवून सांगत. "फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की समजावं, कुठंतरी आकडे उलटे पडलेत," हे त्यांचे गीतावाक्य. दर रविवारी ते सांगत आणि मी टाइप करीत असे. दोन वर्षांत एकशे बारा पाने झाली. मग अण्णांची स्मृती ओसरू लागली. आता ते मला कधी मुलगा समजतात, कधी हेड ऑफिसातून तपासणीला आलेला साहेब. तेव्हा पुन्हा त्यांनी सांगावे आणि मी लिहावे, हा रस्ता बंद.

दुसरी प्रत नव्हती का, असे तुम्ही विचाराल. वाचकहो, प्रस्तुत लेखक बी.कॉम. आहे. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी हव्यात, हे पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून ठेवले, त्यावर या लेखकाचे पोट चालते. आणि स्वतःच्या बापाची मात्र त्याने एकच नोंद ठेवली!

गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या माणसाने पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टर करतात तसा चेहरा केला. "मदरबोर्ड गेलाय साहेब. डेटा विसरा. नवीन घ्या, याचे हजार रुपये वजा करून देतो." मी अण्णांना पोटाशी धरून घरी परतलो.

संकटात कोणी पोथी काढून बसतो. मी चिरंजीवांचा संगणक मागून घेतला आणि रात्रभर हार्ड डिस्कचा इतिहास वाचला. पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. परातीहून मोठ्या, दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन सुमारे एक टन. आणि या ऐरावताच्या पोटात मावायची पन्नास लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला मोदकांचा एक फोटो तेवढी जागा खातो. १९८० साली तेवढाच मजकूर सव्वापाच इंची डिस्कमध्ये बसू लागला. म्हणजे जो मजकूर हरवायला पूर्वी मालट्रक लागला असता, तो आता पिशवीतून हरवता येऊ लागला. याला प्रगती म्हणतात.

पण मला खरा देवमाणूस भेटला तो १९८२ सालचा. पीटर नॉर्टन त्याचे नाव. त्या काळच्या डॉसमध्ये फाइल पुसली तरी ती पुसली जातच नसे. नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलायचे आणि तिची जागा मोकळी समजायची, एवढाच कारभार. खातेवहीच्या अनुक्रमणिकेत नाव खोडावे आणि आत पान जसेच्या तसे राहावे, तसे. त्या पानावर कोणी दुसरे काही लिहिण्याआधी पोचलात, तर माल शाबूत. नॉर्टनचा 'अनइरेज' नेमके तेच करी. फक्त तो विचारायचा, नावाचे पहिले अक्षर काय? बारशाच्या वेळी आमच्या गुरुजींनी हेच विचारले होते!

पहाटे तीनच्या सुमाराला मी कोलंबिया यानापाशी आलो. १ फेब्रुवारी २००३. परतताना ते यान आकाशातच भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावलांसह सातही जण गेले. त्या यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता. त्याची हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्सासात एका आटलेल्या तलावात सापडली. भाजलेली, वेडीवाकडी. तरी तिच्यातला नव्व्याण्णव टक्के मजकूर तज्ज्ञांनी परत मिळवला आणि २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमचा लॅपटॉप तर नुसता टेबलावरच होता.

सकाळी चिरंजीव उठले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे घरात कोणाशी बोलत नाहीत. आमचे तोंड बघून बोलले. "बाबा, लॅपटॉप बंद पडला म्हणजे फायली गेल्या, असं कोण म्हणालं? डिस्क वेगळी, मशीन वेगळं."

खरेच की! राजवाडे १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून बसले, तेव्हा पेशवाई बुडून ऐंशी वर्षे झाली होती. वाडा पडला म्हणून आतले दफ्तर गेले असे होत नाही. वाळवीच्या आधी पोचायचे, एवढेच.

चिरंजीवांनी खालचे स्क्रू काढले आणि तळहाताएवढी डिस्क बाहेर आली. बाजारातून काही शे रुपयांची एक डबी आणली. त्या डबीत डिस्क ठेवून वायर त्याच्या संगणकाला जोडायची. "टकटक आवाज आला तर लगेच बंद करायचं हं, मग तज्ज्ञाकडेच न्यायला लागेल," तो म्हणाला. मी कान लावला. आवाज आला नाही. आमचा लॅपटॉप बारा वर्षांचा, म्हणून फिरती डिस्क. हल्लीच्या बऱ्याच मशिनांत ती फिरतच नाही, आणि कित्येकांना असे कुलूप असते की अठ्ठेचाळीस आकडी किल्ली सापडली नाही तर ब्रह्मदेवही हात टेकेल. जुन्या वस्तू टाकू नयेत, हे माझे मत ही कधी मान्य करत नाही.

पडद्यावर फोल्डर दिसला. उघडायला गेलो तर 'परवानगी नाही'! माझ्याच बापाला भेटायला मला परवानगी नाही! चिरंजीवांनी मालकीहक्काची काही खटपट केली. मी फाइल उघडायला धावलो तर माझा हात धरला. "आधी कॉपी. वाचा नंतर." मग दोन कॉप्या केल्या. मी तिसरी मागितली.

एकशे बारा पाने छापून अण्णांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल मागितली आणि दुपारभर वाचत बसले. सदतिसाव्या पानावर थांबले.

"ही बेरीज चुकली आहे."

मी कॅल्क्युलेटर काढला. सत्तावीस रुपयांचा फरक निघाला. टाइप करताना मी ४१ चे १४ केले होते.

"नवाने भाग जातोय," अण्णा म्हणाले. "आकडे उलटे पडलेत. कोणी लिहिलंय हे?"

"मी, अण्णा."

त्यांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळले.

"नवीन दिसता. बसा. पहिल्या पानापासून परत बघू."