सिस्टेमिक स्क्लेरोसिस : शारीरिक कार्यक्षमता व मनोसामाजिक स्वास्थ्य

सिस्टेमिक स्क्लेरोसिस (स्क्लेरोडर्मा) : त्वचा, लहान रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे, अन्ननलिका, मूत्रपिंडे यांसारखे अवयव ग्रासणारा दुर्मीळ, दीर्घकालीन आत्मप्रतिरक्षा विकार. यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते व कोलॅजन हे तंतुमय प्रथिन प्रमाणाबाहेर साचून कातडी जाड आणि ताठ बनते. तो संसर्गजन्य नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. सुरुवात बहुधा ३० ते ५० या वयात, म्हणजे घर आणि शेत दोन्ही अंगावर असतानाच्या काळात होते. नेपल्सचे वैद्य कार्लो कुर्झिओ यांनी १७५३ मध्ये केलेले वर्णन या विकाराच्या आरंभीच्या नोंदींत गणले जाते.

हात, तोंड व श्वास : पहिले लक्षण बहुतेकदा रेनॉ विकाराचे असते. गारठ्यात किंवा मनावर ताण आला की बोटे पांढरी, मग निळी व शेवटी लाल होतात. पुढे बोटे सुजतात, आखडतात, टोकांना जखमा होतात. कंधार (जि. नांदेड) परिसरातील कष्टाच्या जीवनात याचा अर्थ अगदी ठोस आहे : भाकरी थापता येत नाही, साडीच्या निऱ्या बसत नाहीत, कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोके जखमांत रुततात. हिवाळ्यात रात्री पिकाला पाणी देणे किंवा पहाटे गार पाण्यात धुणे धुणे बोटांना सोसत नाही. तोंड पुरेसे उघडत नसल्याने घास लहान करावा लागतो व दातांची निगा अवघड होते. छातीत जळजळ होते, अन्न अडकते. फुप्फुसांत तंतू वाढले की एखाद्या गडाचा चढ सोडाच, घराच्या पायऱ्या चढतानाही दम लागतो.

मापन : त्वचेच्या जाडीसाठी रॉडनन गुणांकन वापरतात, शरीरावरील १७ ठिकाणी ० ते ३ गुण, एकूण कमाल ५१. दैनंदिन कामांसाठी आरोग्य मूल्यमापन प्रश्नावली आहे. तिच्या भारतीय रूपात उकिडवे किंवा मांडी घालून बसण्याचाही विचार होतो. हे महत्त्वाचे आहे, कारण रुग्णाची अडचण त्याच्याच जगण्याच्या रीतीतून मोजली पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात सांध्यांच्या दुखण्याचा असा घरोघरी शोध भिगवण (जि. पुणे) येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या कॉपकॉर्ड सर्वेक्षणाने डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घेतला.

मन व समाज : वेदना, थकवा, झोपमोड आणि पुढे काय होईल ही धास्ती यांमुळे नैराश्य व चिंता या रुग्णांत बऱ्याच प्रमाणात दिसतात. चेहऱ्याची कातडी ताणली गेल्याने हसू उमटत नाही आणि माणसे त्याला राग समजतात. त्वचेवरील काळे-पांढरे ठिपके व आखूड झालेली बोटे पाहून कोड किंवा कुष्ठरोगाची शंका घेतली जाते. कुष्ठरोगातील चट्ट्यांवर स्पर्श कळेनासा होतो. स्क्लेरोडर्मात तो सहसा शाबूत असतो. शंकेतून येणारे अंतर, लग्नाची बोलणी मोडणे, वेगळे ताट, या गोष्टी आजाराइतक्याच खच्ची करतात. त्या पूर्णपणे टाळता येण्याजोग्या आहेत.

उपचार व आधार : आजार मुळासकट बरा करणारे औषध नाही, मात्र मायकोफिनोलेट, निफेडिपिन, निंटेडनिब यांसारखी औषधे अवयवानुसार दिली जातात. रक्तदाब एकाएकी वाढल्यास मूत्रपिंडांचा धोका ओळखून तातडीने रुग्णालय गाठावे. बोटांचे व जबड्याचे ताणाचे व्यायाम रोज करावेत. हातमोजे वापरावेत, अंग ऊबदार ठेवावे. तंबाखू, बिडी आणि मिश्री सोडावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. तपासणीसाठी नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय कंधारहून जवळचे. संधिवाततज्ज्ञांसाठी मात्र अनेकांना मोठ्या शहरांकडे जावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील यादीत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. तरी हातापायांच्या हालचालीतील दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास प्रमाणपत्राधारे लाभ मिळू शकतात. आजाराचा भार कामावर आणि मनावरही पडतो, म्हणून प्रत्येक भेटीत रक्ततपासणीसोबत दोन प्रश्न विचारले जावेत : घरातील कोणते काम आता जमत नाही, आणि मनाला कसे वाटते? त्यांच्या उत्तरांवर व्यायाम, समुपदेशन व घरच्यांची मदत ठरवणे हा उपचाराचाच भाग आहे.