कुलूपबंद आग: स्वतःला स्वच्छ करणाऱ्या ओव्हनचा इतिहास

१/
अमेरिकी घरांतील विजेच्या रेंजसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत एक चमत्कारिक वाटणारी सूचना आढळते. ओव्हनची स्वयंस्वच्छता सुरू करण्यापूर्वी घरातील पाळीव पक्षी दुसऱ्या हवेशीर खोलीत हलवावेत, अशी ती सूचना असते. स्वयंपाकाच्या यंत्राचा पोपटाशी काय संबंध?

या एका ओळीमागे कोळशाच्या खाणी आहेत, १९३८ मधील एक प्रयोगशाळा आहे आणि १९६३ मध्ये बाजारात आलेले एक यंत्र आहे. त्या यंत्राचा आणि त्याच्या नियमांचा हा इतिहास. 🧵

२/
रेंज म्हणजे वर शेगड्या आणि खाली ओव्हन असे एकसंध उभे यंत्र. भारतीय स्वयंपाक मुख्यतः शेगडीवर होतो. युरोप-अमेरिकेतील स्वयंपाकाचा मोठा भाग मात्र बंद भट्टीत होतो. पाव, केक, अख्खी कोंबडी, मांसाचे मोठे तुकडे हे सारे ओव्हनमध्ये भाजले जाते. त्यामुळे चरबी आणि रस आतल्या भिंतींवर सतत उडत राहतात. ओव्हनच्या स्वच्छतेचा प्रश्न तेथे एवढा मोठा का झाला, याचे उत्तर या पाकपद्धतीत आहे.

३/
विजेवर स्वयंपाक करण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८९२ मध्ये कॅनडातील ओटावा शहरात थॉमस अहर्न या उद्योजकाने विंडसर हॉटेलात विजेवर शिजवलेली मेजवानी दिली. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडण्यात आले. लोकांनी ते कौतुकाने पाहिले; पण घरी फारच थोड्यांनी नेले.

४/
अडचण होती तापणाऱ्या तारेची. लाल होईपर्यंत तापलेली साधी धातूची तार हवेतील प्राणवायूमुळे लवकर गंजून तुटे. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधला आणि १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. या धातूवर तापताना क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच तारेचे रक्षण करतो. टोस्टरपासून ओव्हनपर्यंत विजेवर तापणाऱ्या असंख्य उपकरणांचा पाया हा आहे.

५/
तार टिकली, ओव्हन घरोघरी पोहोचला. मळ मात्र तसाच राहिला. ओव्हनच्या आतल्या पोलादी भिंतींवर एनॅमल असते, म्हणजे उच्च तापमानाला धातूवर वितळवून बसवलेली काच. तिच्यावर उडालेले तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वार्निशसारखा कठीण तपकिरी थर बनतो. जुन्या कढईच्या बाहेरच्या बाजूला बसलेला चिवट थर ज्याने घासून पाहिला आहे, त्याला हा शत्रू ओळखीचा वाटेल.

६/
साबणाने हा थर निघत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर घरोघरी कॉस्टिक सोड्याची मिश्रणे वापरली जात. कॉस्टिक सोडा चरबीचे साबणात रूपांतर करतो. परंतु तोच त्वचा जाळतो आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो. हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून, डोके भट्टीच्या तोंडाशी नेऊन हे काम करावे लागे. आणि ते करणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच होती: गृहिणी.

७/
२४ जुलै १९५९. मॉस्कोतील अमेरिकी राष्ट्रीय प्रदर्शन. जनरल इलेक्ट्रिकच्या उपकरणांनी सजलेल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरापाशी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांच्यात प्रसिद्ध वाद झाला. आमची यंत्रे स्त्रियांचे कष्ट हलके करतात, असा निक्सन यांचा दावा होता. शीतयुद्धात स्वयंपाकघर हा प्रतिष्ठेचा विषय झाला होता. तरीही त्या काळी अमेरिकी घरातला ओव्हन हातानेच घासावा लागत होता.

८/
तोडगा तत्त्वतः फार जुना होता. तंदूर कोणी साबणाने घासत नाही. त्याच्या भिंतीवर जे काही उडते ते निखाऱ्यांच्या उष्णतेत जळून राख होते. पुरेशी उष्णता मिळाली की सेंद्रिय मळाचे विघटन होते. वायू उडून जातात आणि थोडी राख उरते. उष्णतेने होणाऱ्या या विघटनाला पायरोलिसिस म्हणतात.

मग हे ओव्हनमध्ये का होत नव्हते? कारण ओव्हनचे स्वयंपाकाचे तापमान साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंतच असते. मळ जाळायला ४५० ते ५०० अंश लागतात.

९/
लाकडी कपाटांच्या मधोमध उभ्या असलेल्या यंत्रात एवढी उष्णता काही तास कोंडून ठेवायची, हा खरा प्रश्न होता. जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते बोहदान हुर्को यांनी त्यावर काम केले. कंपनीने १९६३ मध्ये पी-७ या नावाने स्वतःला स्वच्छ करणारा विजेचा ओव्हन बाजारात आणला. हुर्को यांच्या नावे पेटंट १९६४ मध्ये मंजूर झाले.

या यंत्राला तीन गोष्टी सांभाळायच्या होत्या: धूर, दार आणि भिंती. आजच्या माहितीपुस्तिकेतील बहुतेक नियम या तिघांतून आले आहेत.

१०/
पहिला प्रश्न धुराचा. मळ जळताना निघणारा धूर तसाच बाहेर सोडला असता तर स्वयंपाकघरात थांबणे अशक्य झाले असते. म्हणून हवा बाहेर पडण्याच्या मार्गात उत्प्रेरक बसवण्यात आला. त्याच्या तापलेल्या पृष्ठभागावरून जाताना धुरातील बराचसा भाग जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. अमेरिकी मोटारींच्या धुराड्यात उत्प्रेरकाचा सार्वत्रिक वापर १९७५ च्या मॉडेलांपासून सुरू झाला. म्हणजे हे रसायनशास्त्र मोटारीच्या आधी स्वयंपाकघरात पोहोचले होते.

११/
तरीही सगळा धूर नाहीसा होत नाही. मळ जितका जास्त, तितका उत्प्रेरकावरचा भार जास्त. म्हणून पहिला नियम असा की स्वच्छता सुरू करण्यापूर्वी तळाशी साचलेले तेल, चरबी आणि सांडलेले अन्न ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. यंत्राने भिंतींवरचा पातळ थर जाळावा, तळाशी साचलेले तेल नव्हे. त्याच कारणाने एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवावा आणि खिडकी उघडी असावी.

१२/
दुसरा प्रश्न दाराचा. बंद ओव्हनमध्ये हवा मर्यादित असते, म्हणून मळ भडका न उडता हळूहळू विघटित होतो. अशा वेळी दार उघडले तर ताजा प्राणवायू आत शिरतो आणि तापलेले वायू एकदम पेट घेऊ शकतात. म्हणून या यंत्रांच्या दाराला कुलूप असते. ते लागल्याशिवाय तापमान चढत नाही आणि ओव्हन पुरेसा निवल्याशिवाय ते उघडत नाही.

त्या कुलपाशी झटापट करू नये. आत ज्वाळा दिसल्या तरी दार बंदच ठेवावे, यंत्र बंद करावे आणि आग आटोक्यात येत नसेल तर घराबाहेर पडून अग्निशामक दलाला बोलवावे.

१३/
तिसरा प्रश्न भिंतींचा. एवढे तापमान सोसणारे खास एनॅमल वापरावे लागले आणि भोवती उष्णतारोधक थर जाड करावा लागला. येथे कॉस्टिक सोड्याची जुनी सवय घातक ठरते. अशा ओव्हनमध्ये रासायनिक स्वच्छक फवारला आणि त्याचा अंश राहिला, तर पुढच्या वेळी ५०० अंशांच्या आसपास तो एनॅमललाच खातो. तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल अंथरणेही टाळावे. ती एनॅमलला कायमची चिकटू शकते.

१४/
दाराच्या कडेने फिरणारी विणलेली पट्टी म्हणजे गास्केट. उष्णता आणि धूर आत ठेवण्याचे काम ती करते. ती मळलेली दिसली तरी घासू नये, भिजवू नये, ओढू नये. तिची वीण बिघडली की दारातून उष्णता गळते. ती फाटली असेल तर बदलून घ्यावी आणि तोवर स्वच्छतेचे चक्र चालवू नये. पट्टीच्या बाहेर राहणारी दाराची कड मात्र आतल्या उष्णतेने साफ होत नाही. ती आधी हातानेच पुसावी लागते.

१५/
जाड उष्णतारोधक थराचा एक अनपेक्षित लाभ झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जेचा हिशेब घरोघरी होऊ लागला, तेव्हा या ओव्हनांची एक जमेची बाजू पुढे आली: रोजच्या भाजण्यात ते वीज कमी खातात, कारण उष्णता बाहेर जात नाही. मात्र स्वच्छतेचे चक्र महिन्यातून एकदाहून अधिक चालवले तर ही बचत हातची जाते. म्हणजे अतिस्वच्छतेचा सोस येथेही महागात पडतो.

१६/
चक्र सुरू करण्यापूर्वी ओव्हन पूर्ण रिकामा असावा: भांडी, ट्रे, थर्मामीटर, फॉइल, सारे बाहेर. जाळ्या आत ठेवल्या तर बहुतेक यंत्रांत त्यांची चकाकी जाते आणि त्या सहज सरकत नाहीत, म्हणून त्याही काढाव्यात.

परदेशी स्थायिक झालेल्या अनेक भारतीय घरांत ओव्हन हे कढया, तवे आणि डबे ठेवण्याचे कपाटच असते. अशा घरांत हा नियम दुप्पट महत्त्वाचा. प्लॅस्टिकच्या मुठीची कढई आत विसरली तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

१७/
आता पक्ष्यांकडे. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना वायूच्या नळकांड्यात वायूऐवजी पांढरी, गुळगुळीत भुकटी सापडली. तीच पुढे टेफ्लॉन म्हणून जगभर गेली आणि नॉनस्टिक तव्यांवर चढली. रोजच्या स्वयंपाकाच्या तापमानाला ती स्थिर असते. पण ओव्हनच्या स्वच्छतेच्या तापमानाला तिचे विघटन होऊन विषारी वाफा निघतात. माणसाला त्यांनी ज्वरासारखा त्रास होतो. पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

१८/
पक्षीच का? उड्डाणासाठी लागणारा प्राणवायू मिळवण्याकरिता पक्ष्यांची श्वसनसंस्था विलक्षण कार्यक्षम झालेली आहे. त्यांच्या फुप्फुसांतून हवा जवळजवळ अखंड एकाच दिशेने वाहते. जे प्राणवायूला लागू, तेच विषाला.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणीतील विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी नेण्याची शिफारस केली ती याच संवेदनशीलतेमुळे. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. स्वयंपाकघरातल्या पोपटाला मात्र नकळत त्यांची जागा घ्यावी लागू शकते. भिंतींवरच्या साध्या तेलाचा धूरही त्याला सोसत नाही.

१९/
चक्र दोन ते पाच तास चालते. या वेळेत रेंजचा बाहेरचा पृष्ठभागही नेहमीपेक्षा जास्त तापतो. लहान मुलांना दूर ठेवावे आणि घर सोडून जाऊ नये. रात्री झोपताना ते सुरू करणे हा सोयीचा वाटणारा, पण धोक्याचा मार्ग आहे. सणासुदीच्या आदल्या दिवशीही ते टाळावे: एवढ्या उष्णतेत एखादा फ्यूज वा इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाला, तर ऐन वेळी ओव्हनच बंद पडतो. शेवटी ओव्हन थंड झाल्यावर उरलेली राख ओल्या फडक्याने पुसली की काम संपते.

२०/
उघड्या दाराशी संबंधित आणखी एक धोका आहे. ओव्हनचे दार खाली उघडते. त्यावर लहान मूल चढले किंवा जड भांडे ठेवले, तर संपूर्ण रेंज पुढे कलंडून शेगडीवरचे उकळते पदार्थ अंगावर येऊ शकतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून सुरक्षा-मानकांनी रेंज भिंतीला वा जमिनीला अडकवून ठेवणारी कंसपट्टी आवश्यक केली. घर बदलताना, रंगकाम करताना किंवा रेंज ओढून मागची जागा साफ करताना ही पट्टी पुन्हा बसली आहे ना, हे पाहिले पाहिजे.

२१/
पी-७ बाजारात आला त्याच वर्षी, १९६३ मध्ये, बेटी फ्रीडन यांचे 'द फेमिनिन मिस्टीक' प्रसिद्ध झाले. घरकाम मिळालेला सारा वेळ व्यापून टाकते, असे त्यांचे निरीक्षण होते. वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात याचा इतिहास मांडला. यंत्रांनी लाकडे फोडण्यासारखी पुरुषांची आणि मुलांची कामे संपवली. स्त्रीचे काम उरले, आणि स्वच्छतेचे मापदंड उंचावल्याने ते वाढतही गेले.

२२/
स्वयंस्वच्छ ओव्हनच्या बाबतीत हे तपासून पाहता येते. त्याने गुडघ्यांवर बसून, कॉस्टिक सोड्याच्या वाफा घेत घासणे संपवले, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या जागी नवी कामे आली: आधी पुसणे, जाळ्या काढणे, पक्षी हलवणे, खिडकी उघडणे, काही तास घरात थांबून लक्ष ठेवणे, शेवटी राख टिपणे. श्रम घटले, जबाबदारी उरली. ती कोणी घ्यायची, हे यंत्र ठरवत नाही.

२३/
आज काही ओव्हनांत वाफेने मळ मऊ करण्याची सोय असते. तिचे तापमान कमी आणि धूर नगण्य. पण चिवट थर तिला दाद देत नाही. आपल्या घरातील यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पुस्तिकेत पाहावे, कारण दोघांचे नियम वेगळे आहेत.

आणि ते नियम घरातील प्रत्येकाने वाचावेत, फक्त स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने नव्हे. कुलपामागे ५०० अंशांची आग असते तेव्हा ती सगळ्या घराचीच जबाबदारी असते.

(समाप्त)