मार्गवृक्ष : लागवड व लोकसहभाग

रस्त्याच्या दुतर्फा सावलीसाठी व फळांसाठी लावलेली आणि वाटेवरच्या गावांनी जोपासलेली झाडे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावल्याचा आणि आमराया उठवल्याचा उल्लेख सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात आहे. दख्खनच्या जुन्या रस्त्यांवर वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, करंज व जांभूळ यांच्या रांगा असत. गाड्या सुटत त्या याच झाडांखाली, आणि पालख्यांचे विसावेही तिथेच. खोडांवर मारलेले गेरू-चुन्याचे पट्टे रात्री रस्त्याची कड दाखवतात.

खड्डा खणून रोप लावणे हे एका सकाळचे काम; खरी कसोटी पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांची. कर्नाटकात मागडी तालुक्यातील हुलिकल गावच्या थिमक्का व त्यांचे पती चिक्कय्या या मजुरी करणाऱ्या, निपुत्रिक जोडप्याने ती कसोटी पार केली. हुलिकल ते कुदूर या सुमारे 4 किमी. रस्त्यावर त्यांनी पहिल्या वर्षी वडाची 10 रोपे लावली, मग दरवर्षी त्यांत भर घातली. डोक्यावर घागरी वाहून पाणी घातले, गुरांनी तोंड लावू नये म्हणून प्रत्येक रोपाभोवती काटेरी फांद्या रोवल्या. असे 385 वड उभे राहिले. ‘सालुमरद’, म्हणजे झाडांच्या रांगेची, हे लोकांनी दिलेले विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

केंद्राच्या 2015च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या 1 टक्का रक्कम लागवड व देखभालीसाठी ठेवण्याची आणि शेतकरी, स्वयंसेवी संस्था व स्थानिक लोकांना सामील करून घेण्याची तरतूद आहे. पैसा त्यामुळे मिळतो, राखणदार मात्र गावातूनच उभा राहावा लागतो. बांधालगतच्या शेतकऱ्याची तक्रारही खरी असते : सावलीत पीक खुरटते. फळांत त्याचा वाटा ठरला, तर तोच झाडाची काळजी घेतो.

लागवड भूभागाशी जुळणारी हवी. माळरानावर कडुनिंब व करंज तग धरतात. दुभाजकात कण्हेर व बोगनवेल लावतात, कारण समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप त्यांच्यामुळे अडते. वळणाच्या आतल्या बाजूला दाट झाड नको. तिथे नजर मोकळी लागते. पंढरपूरच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा आखलेला आहे. नोव्हेंबर 2021 मधील पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांनी या पट्ट्याच्या कडेला सावलीची झाडे लावण्याचे आवाहन गावकऱ्यांना केले. वारीला निघालेल्या माणसाला फुलझुडपांचा उपयोग नाही. त्याला वडाखाली टेकायचे असते.

असलेले झाड राखणे हाही लोकसहभागच. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे यल्लम्मा मंदिराजवळचा, सुमारे 400 वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. 2020 मध्ये गावकरी व पर्यावरणप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले, आणि तो वड वाचवण्यासाठी महामार्गाची आखणी बदलली गेली.