मानेचं ऑपरेशन : भीती कुठून आली, इलाज कुठवर आला

सांगलीच्या पेठेतली हळद देशभर गेली, पण तिची पोती वाहिली हमालांच्या पाठीनं आणि मानेनं. साताऱ्याच्या पाटण खोऱ्यातून मुंबईच्या बंदरात आणि बाजारात गेलेल्या माणसांचीही तीच गत. माथ्यावर ओझं, म्हणून माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा आला, मजुरीला आधार मिळाला. झिजलेल्या मणक्यांचा प्रश्न मात्र उरलाच.

आपल्याकडे आजही म्हणतात, "मानेचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा होतो." ही भीती अगदीच बिनबुडाची नाही, तिला इतिहास आहे.

मज्जारज्जूवर दाबणारा हाडाचा तुकडा काढावा, असं सातव्या शतकात ग्रीक वैद्य पॉलसनं लिहून ठेवलं होतं. पुढे कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल-जहरावींनी 'अत-तसरीफ' या 30 भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेलाच दिला, हत्यारांच्या चित्रांसकट. पण भूल नाही, निर्जंतुकीकरण नाही, एक्स-रे नाही. अशा काळात मणका उघडायचा कोणी?

1894 साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं आणि मिरज शस्त्रक्रियेचं गाव झालं. तेव्हा जगात कुठंही चकतीचा आजार नीट उमगलेला नव्हता. सरकलेली चकती नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार यांनी 1934 साली बोस्टनहून दाखवून दिलं. भारतात मेंदू-मणक्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चंडी यांनी 1949 साली वेल्लोरला सुरू केला.

सुरुवातीला डॉक्टर मागून जात. मणक्याची कमान काढली की मज्जारज्जूला जागा मिळते. पण चकती असते पुढे. तिच्यापर्यंत पोचायला मज्जारज्जू बाजूला सारावा लागला, तर इजा होण्याचा धोका. आपल्या भीतीचं मूळ इथं आहे.

1950 च्या दशकात रॉबिन्सन आणि स्मिथ, तसंच हवाईचे क्लॉवर्ड यांनी समोरून वाट काढली. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारायची, चकती काढायची, कंबरेच्या हाडाचा तुकडा तिथं बसवायचा. दोन मणके जुळून एक होतात. मज्जारज्जूला हात लावावा लागत नाही. आवाज बसणं, गिळताना त्रास होणं हे धोके राहिले, पण बहुतेकदा ते तात्पुरते.

मागची वाटही बंद झाली नाही. अनेक ठिकाणी दाब असेल तर जपानच्या हिराबायाशींनी 1977 साली वेगळा उपाय काढला. कमान काढून टाकायची नाही, दाराच्या फळीसारखी एका बाजूनं उघडून ठेवायची.

जुळवलेल्या मणक्यांचा ताण शेजारच्यांवर येतो. 1999 च्या एका गाजलेल्या अभ्यासात दरवर्षी सुमारे 3 टक्के रुग्णांना शेजारच्या जागी नवा त्रास झालेला दिसला. तो जुळवण्यामुळे की मुळातल्या झिजेमुळे, हा वाद अजून चालू आहे. त्यातूनच हलणारी कृत्रिम चकती पुढे आली. अमेरिकेत तिला 2007 साली मान्यता मिळाली. काही अभ्यासांत तिच्यानंतर पुन्हा ऑपरेशनची गरज कमी पडली. पण हाडं ठिसूळ असतील, मागचे सांधे फार झिजले असतील, तर ती चालत नाही.

आमचे एक मामू हमाली करत. सदऱ्याची बटणं लागेनात, चाल डगमगू लागली. घरचे कृत्रिम चकतीसाठी अर्धा एकर विकायला निघाले. नवं आणि महाग, म्हणजे चांगलंच असणार! मामूंनी डॉक्टरांना एकच विचारलं, "सजदा करता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "मान वळवण्याचं निम्मं काम वरचे दोन मणके करतात. तुमची जागा खालची आहे. एक जोड जुळवला तर फारसं जाणवणार नाही." सांधे झिजलेले असल्यानं मामूंचे मणके जुळवले. जमीन राहिली. बटणं हळूहळू लागू लागली, बोटांतल्या मुंग्या थोड्या राहिल्या. आणि समजा सजदा जमला नसता, तरी इशाऱ्यानं नमाज पढायची सवलत दीनमध्ये आहेच.

नुसती हातात उतरणारी कळ असेल तर ती पुष्कळदा काही आठवड्यांत औषध आणि व्यायामानं बसते. पण हाताची पकड सुटू लागली, चाल बिघडली, लघवीवरचा ताबा गेला, तर दुआ करावीच, पण थांबू नये. डॉक्टरांना विचारावं : दाब नसेवर आहे की मज्जारज्जूवर? पुढून की मागून? किती ठिकाणी? आणि माझ्या मानेला हाच इलाज का?