थांबलेले यंत्र आणि धुणारे हात

गोव्यातले डिचोली आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा आले. डिचोली 1780 च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 मध्ये, दोन्ही सावंतवाडीकर भोसल्यांकडून. अशा उशिरा जिंकलेल्या प्रदेशात, म्हणजे नव्या काबिजादीत, आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीसारखी धर्मांतराची लाट आली नाही, म्हणून इथले सणवार सावंतवाडीकडच्या सणवारांशी नाते राखून राहिले. त्यांतले दोन रिवाज इथे महत्त्वाचे. दिवाळीच्या पाडव्याला गुरे धुऊन, सजवून ओवाळायची आणि खंडेनवमीला हत्यारे-अवजारे घासूनपुसून पुजायची. पुढे खाणी निघाल्या, गाड्या आल्या, आणि नांगर-कोयत्यांच्या रांगेत टिपर ट्रक, लेथ, कॉम्प्रेसर येऊन बसले. झेंडूची माळ घातलेला ट्रक हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचे आहे, पण माळेच्या आधी काय घडते तिकडे कुणी फारसे पाहत नाही. आधी काम थांबते, मग धुणे होते, आणि धुताना वस्तू बारकाईने पाहिली जाते. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा असो की ट्रकच्या पाट्याला गेलेली भेग, ती मळ निघाल्यावरच दिसते. माझे म्हणणे असे की थांबवणे, धुणे आणि पाहणे हा क्रम हाच यंत्रे धुण्याच्या सुरक्षित पद्धतीचा पाया आहे, आणि या दोन तालुक्यांच्या औद्योगिक इतिहासात जिथे तो मोडला तिथे धुणाऱ्याचा जीव धोक्यात आला.

यावर कुणी म्हणेल की पूजा ही श्रद्धा आहे, तिला देखभालीचे शास्त्र म्हणणे ओढूनताणून होते. आक्षेपात तथ्य आहे. वर्षातून एकदा धुतलेले यंत्र वर्षभर सुरक्षित राहत नाही आणि कुंकवाने गंज थांबत नाही. मात्र हा क्रम वाटतो तितका साधा नाही. तो कायद्यात आणण्यासाठी जगाला बरीच किंमत मोजावी लागली. ब्रिटनच्या 1844 च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्रणेला कुंपण घालण्याची सक्ती केली, आणि त्याच कायद्याने मुलांना व किशोरांना फिरते दंड-चाक साफ करायला लावण्यास मनाई केली. म्हणजे कामगार आणि यंत्र यांच्यामध्ये कायदा अगदी आरंभी उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जे काम होते, ते साफसफाईचे. 2025 पर्यंत लागू असलेल्या भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 22 त्याच वळणाचे होते. स्त्रिया आणि किशोर यांनी मूळ चालक यंत्र किंवा शक्ती वाहून नेणारी यंत्रणा चालू असताना ती साफ करू नये, तिला तेल घालू नये. चालू यंत्राची तपासणी अटळच असेल तर ती खास प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावी, आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे. गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगिजांकडे असल्याने हे नियम इथे पोचायला उशीर झाला, आणि नेमक्या त्याच काळात डिचोलीत यंत्रे वेगाने शिरत होती.

पोर्तुगिजांनी खाणींच्या सवलती 1906 च्या हुकुमाखाली दिल्या, तरी लोहखनिजाची खरी निर्यात 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. जपानला पोलाद हवे होते, आणि 1950 च्या दशकात जपानी कर्जातून शिरगावच्या खाणीत यांत्रिकीकरण झाले. टोपल्या आणि घमेली मागे पडली, उत्खनक, डंपर, ट्रक आणि मांडवीतल्या बार्जी पुढे आल्या. गोव्याच्या खनिजात चिकणमाती पुष्कळ, त्यामुळे चुरा पाण्याने धुऊन प्रत वाढवणारी संयंत्रेही खाणींजवळ उभी राहिली. खनिज धुण्यावर अभियंते नेमले गेले, त्याच्या टक्केवारीचे हिशेब ठेवले गेले. ते वाहून नेणारा ट्रक धुणे मात्र क्लीनर पोराचे काम ठरले. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळत, त्यामुळे धुण्यात गेलेला तास म्हणजे बुडालेली खेप. ही अडचण खोटी नव्हती. बँकेचे हप्ते डोक्यावर असलेल्या ट्रकमालकाला ती रोज भेडसावत होती. पण डिचोलीची लाल माती पावसाळ्यात सिमेंटसारखी धरते. तिच्या थराखाली ब्रेकचा फुटू घातलेला पाइप, सैल झालेला नट, चासीतली भेग झाकली जाते. न धुतलेला ट्रक म्हणजे न तपासलेला ट्रक, आणि अशा ट्रकने वाचवलेली खेप साखळी-डिचोलीच्या अरुंद रस्त्यावरच्या पादचाऱ्याच्या खात्यावर लिहिली जाते.

धुणाऱ्याचा धोका याहून थेट आहे. टिपरचा हौदा वर उचलून त्याखालचा चिखल काढावा लागतो, आणि तो हौदा तेलाच्या दाबावर उभा असतो. पाइप फुटला किंवा आत कुणी दांडा हलवला की तो खाली येतो. लोखंडी टेकू लावल्याशिवाय त्याखाली डोके घालायचे नाही, हा नियम कुठल्याही पुस्तकाइतकाच मोलाचा आहे. उच्च दाबाच्या फवाऱ्याला लोक पाणी समजून हलके घेतात, पण तो कातडी फाडून आत शिरू शकतो, आणि बाहेरून बारीक दिसणारी जखम आत खोल असते. ओल्या जमिनीवर विजेचा पंप चालतो. टाकीत किंवा खड्ड्यात उतरायचे तर कारखाना कायद्याचे कलम 36 धोकादायक वायूची आधी काळजी घ्यायला सांगत असे, आणि 36अ पुरेशी सुरक्षा साधने नसल्यास तिथे 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ देत नसे. मात्र मूळ कायद्यात कारखाना म्हणजे वीज वापरणारे दहा आणि वीज न वापरणारे वीस कामगार. रस्त्याकडेला दोन मुलांवर चालणारे वॉशिंग या व्याख्येत बसत नव्हते, आणि धुण्याचे काम तर बहुतेक तिथेच होते.

खाणी चढउताराच्या असताना औषधांचे कारखाने गोव्यात स्थिरावले. 1966 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, डिचोलीत आणि पेडण्यातल्या तुये येथे औद्योगिक वसाहती झाल्या. औषधनिर्मितीत धुण्याला निराळाच दर्जा आहे, आणि तो नुकसान सोसून मिळाला आहे. 1988 मध्ये अमेरिकेत कोलेस्टिरामीन हे औषध बाजारातून परत घ्यावे लागले, कारण पुन्हा वापरलेल्या द्रावकाच्या पिंपांतून त्यात कीटकनाशकाशी संबंधित अंश गेले होते. पिंपे नीट धुतली गेली आणि तपासली गेली, याचा पुरावा नव्हता. भारतात त्याच वर्षी औषध नियमांत उत्तम निर्मितिपद्धतीची अनुसूची एम आली, 2001 मध्ये ती विस्तारली आणि डिसेंबर 2023 मध्ये नव्याने लिहिली गेली. आता भांडे, ट्रॉली किंवा बिन धुतले की ते कुणी, कधी धुतले याची नोंद होते. मोठ्या ट्रॉल्या धुण्यासाठी खोलीएवढी यंत्रे असतात. एका दाराने मळकी गाडी आत जाते, फिरत्या नळ्यांतून गरम पाणी आणि क्षारयुक्त साबण मारला जातो, मग आम्लाने विसळणे, शेवटी गरम हवा, आणि दुसऱ्या दाराने गाडी बाहेर येते.

अशा यंत्राने माणसाचा धोका संपला, असे म्हणणारे भेटतात. हात पाण्यापासून दूर गेले हे खरे. पण ज्या कोठीत गाडी मावते तिच्यात माणूसही मावतो. म्हणून आत ओढायची आपत्कालीन दोरी असते, आणि चक्र सुरू करण्याआधी आत कुणी नाही हे डोळ्यांनी पाहायचे असते. फवाऱ्याची छिद्रे, गाळणी आणि दाराचे रबर स्वच्छ करायला आत शिरावेच लागते. तेव्हा वीज, वाफ आणि रसायनाचा पंप बंद करून कुलूप लावावे आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात असावी. क्लोरीनचा ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू उठतो, त्यामुळे पिंपांवरची चिठ्ठी वाचता येणारा माणूसच तिथे हवा. थांबवणे, धुणे आणि पाहणे इथेही सुटत नाही; यंत्राने धुणे स्वतःकडे घेतले, थांबवणे आणि पाहणे माणसाकडेच ठेवले.

फरक उरतो तो धुणाऱ्याला मिळणाऱ्या स्थानात. खाणी सप्टेंबर 2012 मध्ये बंद झाल्या, फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, त्या काळात शेकडो ट्रक अंगणात उभे राहिले आणि चिखलाने धरलेल्या ओलीने पत्रा आतून खाल्ला. लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली, ट्रक पुन्हा रस्त्यावर आले. तुयेसारख्या वसाहतीतल्या औषध कारखान्यात बिन धुणाऱ्याची सही कागदावर असते, म्हणून त्याच्या प्रशिक्षणाची विचारणा करता येते आणि काम अपुरे राहिले तर ते थांबवण्याचा अधिकारही त्याला मागता येतो. डिचोलीत खेपेवरून परतलेला टिपर धुणाऱ्या मुलाची सही आज कुठल्याच वहीत नाही. खाणपट्ट्याच्या परवान्यात आणि ट्रकमालकांच्या वाहतूक करारात त्या सहीसाठी एक रकाना, एक टेकू आणि धुण्याच्या तासाचे पैसे मागायला हीच वेळ आहे.